नक्षत्रं आधी आकाशात, मग तक्त्यात: गोव्यातून सत्तावीस नक्षत्रं ओळखून ती इतरांच्या आकाशाशी जुळवण्याचा क्रम

दर हिवाळ्यात माझ्याकडे कुणी ना कुणी एक तक्ता घेऊन येतं. डावीकडे आपली सत्तावीस नक्षत्रं, मग अरबांच्या मंझिला, मग चिन्यांचे 'शिउ' (दोन्ही म्हणजे त्यांची चंद्राची घरं), शेवटी ग्रीक राशी. समोरासमोर आकडे टाकलेले, रंगीत पेनाने बाण काढलेले. आणि जवळजवळ प्रत्येक तक्ता पहिल्या ओळीपासून चुकलेला. कारण एकच: तक्ता करणाऱ्याने तारे पाहिलेले नसतात, फक्त नावं जुळवलेली असतात.

म्हणून हा क्रम. आधी आकाश, मग पंचांग, मग तुलना. उलटा चाललात तर मध्येच अडकाल आणि दोष पंचांगाला द्याल.

१. शब्द आधी वेगळे करा

गोव्यात हा घोटाळा जास्त होतो, कारण आपण दोन भाषांत वावरतो. कोंकणीत 'नखेत्र' म्हणजे कुठलाही तारा. मराठीत 'नक्षत्र' म्हणजे चंद्राच्या वाटेवरच्या सत्तावीसांपैकी एक. अंगणात बसून कुणी "तें नखेत्र पळय" म्हणालं तर ते सत्तावीसांतलं असेलच असं नाही. व्याध हे नखेत्र आहे, नक्षत्र नाही. सप्तर्षीही सत्तावीसांत नाहीत.

वहीच्या पहिल्या पानावर हे चार शब्द लिहून ठेवा:

नक्षत्र (तारे): डोळ्यांना दिसणारा तारा किंवा पुंजका. कृत्तिकांचा झुबका, चित्रेचा एकटा तारा.

नक्षत्र (विभाग): क्रांतिवृत्ताचे, म्हणजे ताऱ्यांमधून जाणाऱ्या सूर्याच्या वार्षिक वाटेचे, सत्तावीस समान भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. पंचांगात छापलेलं असतं ते हे.

रास: त्याच वर्तुळाचे बारा समान भाग, प्रत्येकी ३० अंश.

तारकासमूह: आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवलेले ८८ तुकडे. त्यांच्या सीमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. ते लहानमोठे आहेत, आणि क्रांतिवृत्त त्यांतल्या १३ मधून जातं, १२ मधून नाही.

पहिल्या दोन अर्थांना शब्द एकच असल्यामुळे निम्म्या चुका होतात. मी वहीत विभागाला 'न.वि.' आणि ताऱ्यांना 'न.ता.' असं लिहितो. दिसायला रुक्ष आहे, पण पाचव्या टप्प्यावर त्याचा उपयोग कळेल.

> सावधान: जूनमध्ये 'मृग लागलं' की काही उत्साही मंडळी रात्री मृग शोधायला निघतात. ७-८ जूनला मृग लागतं याचा अर्थ सूर्य त्या विभागात शिरला. म्हणजे ते तारे दिवसा सूर्यासोबत आकाशात असतात, रात्री नाही. पावसाची सगळी नक्षत्रं, मृगापासून हस्तापर्यंत, आपापल्या पंधरवड्यात अदृश्यच असतात. शिवाय ढग असतात ते वेगळंच.

२. जागा, दिशा आणि तीन रात्री

वर्षातून तीन रात्री नीट मिळाल्या तरी काम होतं. अमावास्येच्या जवळच्या धरा.

नोव्हेंबरच्या मध्यात, अंधार पडताच ७ पासून: भाद्रपदा डोक्यावर येत असतात, श्रवण-धनिष्ठा पश्चिमेकडे कललेली, अश्विनी-भरणी पूर्वेला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रात्री ८ पासून: अश्विनीपासून आश्लेषेपर्यंत सगळी एका दमात, आणि मघा पूर्वेला नुकती उगवताना.

मेच्या मध्यात, ८.३० पासून मध्यरात्रीनंतरपर्यंत: मघापासून आषाढांपर्यंत. या रात्री झोपेवर पाणी सोडायची तयारी ठेवा, कारण मूळ आणि दोन्ही आषाढा वर यायला मध्यरात्र उजाडते.

जून ते सप्टेंबर विसरा.

जागेचं सांगायचं तर समुद्रकिनारा हा सगळ्यांना सुचणारा आणि बरेचदा फसवणारा पर्याय आहे. पश्चिम क्षितिज उत्तम मिळतं, पण उगवणारी नक्षत्रं पूर्वेला असतात आणि तिकडे माडांची रांग, शॅकचे दिवे. शिवाय समुद्रावरची दमट हवा क्षितिजाजवळचे मंद तारे खाऊन टाकते. मला सडे आवडतात: जांभ्या दगडाचं उघडं पठार, चारी बाजू मोकळ्या. सत्तरी किंवा सांगेच्या बाजूला अंधार जास्त मिळतो, पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत असते. तिथे ताऱ्याचा उदय पुस्तकी वेळेपेक्षा उशिरा दिसतो. गणित चुकलं म्हणून घाबरू नका.

> सावधान: सड्यावर घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि बसण्याआधी दगड पाहून घ्या. फुरसं जांभ्याच्याच रंगाचं असतं.

> सावधान: मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे विजेरी, लेझर, मोबाईलचा उजेड काहीही नको. सरळ दुसरी जागा निवडा.

विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद दोन पदर लावा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलवर आलेला एक मेसेज वाचला की ती सगळी वाया. दुर्बीण असेल तर ७×५० किंवा १०×५०. नसेल तरी चालेल.

*दिशा ठरवणं.* दुपारी काठीची सावली बघून उत्तर ठरवायची शाळेतली युक्ती गोव्यात मे महिन्यात उलटी पडते. आपण साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो. सावली दक्षिणेकडे पडते, तीही इवलीशी. त्यापेक्षा ध्रुवतारा शोधा. तो क्षितिजापासून दीड मुठीवर आहे.

मूठ हे आपलं माप. हात ताठ समोर धरला की मूठ साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. गोव्यासाठी काही तयार मापं: अगस्त्य जास्तीत जास्त दोन मुठींहून किंचित वर येतो, त्रिशंकूचा तळचा तारा एका मुठीहून जेमतेम वर. आणि रोहिणी जवळजवळ नेमकी डोक्यावरून जाते, माथ्यापासून फक्त अंशभर उत्तरेला. पाठीवर झोपून पाहण्यासारखं दृश्य आहे.

> तपासणी: ध्रुव दीड मुठीवर सापडला? त्याच्याकडे पाठ केल्यावर दक्षिण मोकळी आहे? दोन्ही 'हो' असेल तरच पुढे.

३. चार खुंट्या ठोका

सत्तावीस एकदम शिकायला जाऊ नका. चारच तारे पक्के करा: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. हेच का? चंद्राची वाट क्रांतिवृत्तापासून वरखाली साधारण ५ अंशांत राहते, आणि ठळक ताऱ्यांपैकी हे चौघेच त्या पट्ट्यात येतात. चंद्र यांना अधूनमधून झाकतोसुद्धा. म्हणजे पंचांग, आकाश आणि परक्या संस्कृती, तिन्हीकडे हे चौघे हजर असतात.

अंतरं मुठीत पाठ करा. रोहिणी ते मघा ८ मुठी, मघा ते चित्रा साडेपाच, चित्रा ते ज्येष्ठा साडेचार. आणि ज्येष्ठा ते पुन्हा रोहिणी? बरोबर अर्धं आकाश, १८० अंश. एक मावळते तेव्हा दुसरी उगवते. दोघी तांबूस. तैत्तिरीय संहितेतल्या नक्षत्रांच्या यादीत ज्येष्ठेलाही रोहिणीच म्हटलं आहे, त्यामुळे जुन्या मजकुरात 'रोहिणी' दिसली की कुठली ते आधी पाहायचं.

नेहमीची चूक: ग्रहाला खुंटी समजणं. ग्रह याच वाटेवरून फिरतात. मंगळ ज्येष्ठेजवळ आला की दोन तांबूस ठिपके शेजारी असतात. ग्रीकांनी या ताऱ्याला 'अँटारेस', म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी म्हटलं ते उगाच नाही. लुकलुकतो तो तारा, स्थिर तेवतो तो ग्रह, हा नियम क्षितिजाजवळ फसतो. पंचांगातली ग्रहस्थिती पाहून घ्यावी हे बरं.

४. खुंट्यांमधली जागा भरा

आता एकेक. सोप्याकडून अवघडाकडे जा, क्रमांकाने जाऊ नका. अश्विनीपासून सुरुवात करणारा भरणीपाशीच कंटाळतो.

*रोहिणीभोवती.* पश्चिमेला दीड मुठीच्या आत कृत्तिका, सहा ताऱ्यांचा झुबका. सात दिसले तर डोळे उत्तम. पूर्वेला मृग. इथे थांबा, कारण मराठी माणूस इथे हमखास चुकतो. लहानपणी शिकलेलं मृगाचं चित्र, म्हणजे चार पायांचे चार ठळक तारे, पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध, हे सगळं मिळून 'मृगशीर्ष' नव्हे. मृगशीर्ष म्हणजे हरणाचं फक्त डोकं: वरच्या दोन ठळक ताऱ्यांच्या मध्ये किंचित उत्तरेला असलेलं तीन मंद ताऱ्यांचं इवलं त्रिकूट. त्या दोनांपैकी पूर्वेचा तांबूस तारा, ज्याला मराठी पुस्तकांत काक्षी म्हणतात आणि इंग्रजीत बीटलज्यूज, तो बहुतेक याद्यांत आर्द्रा धरला जातो.

मग पुनर्वसूची जोडी. तिथून मघेकडे जाताना अर्ध्या वाटेवर काहीच नसल्यासारखं वाटतं. तिथेच पुष्य. दुर्बीण लावली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुंजका उलगडतो, ज्याला मधुचक्र म्हणतात. त्याच्या खाली, दक्षिणेला, आश्लेषेचं पाच-सहा ताऱ्यांचं कडं.

*मघा ते चित्रा.* मघा म्हणजे विळ्याची मूठ. विळ्याच्या पूर्वेला पूर्वा आणि उत्तरा फाल्गुनी, पैकी उत्तरेचा एकटा तारा ठळक. हस्त मला सगळ्यांत प्रिय: चित्रेच्या नैर्ऋत्येला तळहातासारखा चौकोन, एकदा दिसला की विसरत नाही. मेच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास हस्त दक्षिणेला उंच असतो, आणि त्याच्या थेट खाली, क्षितिजाजवळ, त्रिशंकू ताठ उभा. पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला तो थोडा जास्त वर मिळतो. पाहून घ्या, मग परत कामाला.

स्वाती सोपी: सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवा, नारिंगी तारा लागेल.

*चित्रा ते आषाढा.* विशाखा फिकट, घाई नको. मग एका ओळीत उभे तीन तारे, अनुराधा. ज्येष्ठा. विंचवाची नांगी, मूळ. पुढे पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा, आकाशगंगेच्या दाट भागात.

*उरलेली.* श्रवण म्हणजे मधला ठळक आणि बाजूचे दोन, तीन तारे एका रेषेत. त्याच्या ईशान्येला धनिष्ठेचा छोटा पतंग. भाद्रपदांचा मोठा चौकोन: पश्चिमेची बाजू पूर्वा, पूर्वेची उत्तरा. अश्विनी दोन तारे, भरणीचं त्रिकूट अंधाऱ्या जागीच. शततारका आणि रेवती शेवटी ठेवा. रेवतीचा योगतारा, म्हणजे तिची ओळख ठरवणारा मुख्य तारा, जेमतेम पाचव्या प्रतीचा, फार अंधुक आहे. पणजीतून तो दिसला असं कुणी सांगितलं तर नम्रपणे मान डोलवा.

> तपासणी: मोबाईलवरचं अॅप आता उघडा, आधी नाही. ठिकाण पणजी, १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व. जी नक्षत्रं वहीत काढली ती पडताळा. चुकली ती खोडू नका, शेजारी बरोबर काढा.

संगणकावर स्टेलॅरियम वापरत असाल तर एफ-४ दाबून आकाश-संस्कृती बदलता येते, 'सी' ने रेषा येतात-जातात, 'व्ही' ने नावं. मोफत आहे आणि फार चांगलं आहे. पण त्यातल्या रेषा म्हणजे कुणीतरी केलेली निवड असते, परंपरेचा एकमेव शब्द नव्हे. आपल्या ग्रंथांतच एका नक्षत्राला तारे किती यावर मतभेद आहेत. एका कार्यक्रमात मी अॅपवरचं चित्र प्रमाण मानून तासभर बोललो. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग आमच्या पंचांगात शततारकेला शंभर तारे का सांगतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी अॅपच्या पलीकडे पाहिलंच नव्हतं.

५. पंचांगाशी ताळा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग सातव्या टप्प्यात आपटतात.

चंद्र असलेली रात्र निवडा, पण पौर्णिमा नको, अष्टमी-नवमी बरी. पंचांगात त्या दिवसाचं नक्षत्र पाहा. तिथे समाप्तीची वेळ दिलेली असते. 'चित्रा दुपारी २.१० पर्यंत' असेल तर रात्री तुम्ही पाहताय तेव्हा चंद्र स्वातीत आहे. सकाळचं नाव रात्रीला लावणं ही सर्वांत वारंवार दिसणारी चूक. ही समाप्तीची वेळ देशभर एकच असते, गोव्यासाठी वेगळी करावी लागत नाही. बदलतात ते सूर्योदय आणि चंद्रोदय.

आता चंद्र खरंच त्या ताऱ्यांजवळ आहे का ते पाहा. रोहिणी, मघा, चित्रा यांच्याबाबत ताळा सुरेख बसतो. स्वातीला नाही. स्वातीचा तारा क्रांतिवृत्तापासून सुमारे ३१ अंश उत्तरेला आहे, चंद्र त्याच्या अडीच मुठींहून जवळ कधी येऊच शकत नाही. श्रवण आणि धनिष्ठाही अशाच दूर.

त्याहून गंमत: चंद्र जेव्हा स्वातीच्या ताऱ्याच्या बरोबर खाली असतो, तेव्हा पंचांग 'चित्रा' म्हणतं. आर्द्रेचा तांबूस तारा मृग विभागात पडतो. श्रवणाचा तारा उत्तराषाढा विभागात. ज्येष्ठेचा तारा तर अंशभराने हुकून अनुराधा विभागात राहिला आहे. यात कुणाची चूक नाही. तारे निसर्गाने विखुरले, भाग माणसाने समान पाडले. चित्रापक्षात, म्हणजे पंचांग करण्याच्या एका पद्धतीत, चित्रेचा तारा तिच्या विभागाच्या मधोमध, १८० अंशांवर धरून बाकीचं मोजमाप केलं जातं, म्हणून चित्रेशी ताळा इतका नेमका बसतो.

> सावधान: घरात टिळक पंचांग असेल तर ते रेवतीचा तारा आरंभ धरून चालतं. चित्रापक्षाशी सुमारे ४ अंशांचा फरक, म्हणजे चंद्राच्या बाबतीत साधारण ७ तास. दोन पंचांगं एकाच तक्त्यात मिसळू नका.

> तपासणी: एका तासात चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकतो. रोहिणीजवळ असताना ८ वाजता आणि १० वाजता रेखाटन करा. सरकलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर रेखाटन घाईचं झालंय.

६. तुलनेची वही: ताऱ्यावरून, नावावरून नाही

आता कुठे परक्या आकाशाकडे जायचं. पानावर पहिला रकाना ताऱ्याचा. नावाचा नाही, ओळखक्रमांकाचा. ग्रीक अक्षर आणि तारकासमूह (मेषेतला बीटा, वृश्चिकेतला डेल्टा) किंवा हिप्पार्कॉस यादीतला आकडा. रोहिणीचा २१४२१ आहे. हा रकाना असला की पुढे कुठल्याही भाषेतलं नाव आलं तरी घसरणार नाही. मग रकाने: आपलं नक्षत्र, अरबी मंझिल, चिनी शिउ, ग्रीक आकृतीतला अवयव, आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्यासाठी.

पहिला नियम: क्रमांक जुळवू नका. आपली जुनी वैदिक यादी कृत्तिकेपासून सुरू होते, नंतरची अश्विनीपासून. अरबांची अश-शरतान म्हणजे मेषेतल्या बीटा-गॅमापासून, म्हणजे आपल्याच अश्विनीपासून. चिन्यांची 'च्याओ'पासून, आणि च्याओ म्हणजे चित्रा. आपली तिसरी कृत्तिका त्यांची अठरावी, नाव 'माओ'. शिवाय त्यांचे २८, आपले २७. अठ्ठाविसावं अभिजित कधी धरलं, कधी सोडलं.

दुसरा नियम: जुळत नाही तिथे ओढूनताणून जुळवू नका. आपल्या स्वाती, श्रवण, धनिष्ठा या उत्तरेच्या ताऱ्यांसमोर चिन्यांनी क्रांतिवृत्ताजवळचे मंद तारे घेतले आहेत. श्रवणासमोरचा 'न्यू' शिउ मकरेतला बीटा आहे. श्रवणाचा ठळक तारा त्यांच्याकडे गुराखी म्हणून गोष्टीत आहे, आकाशगंगेपलीकडची विणकरीण म्हणजे आपला अभिजित. पण गोष्टीतला गुराखी आणि यादीतला शिउ यांना एका रकान्यात टाकलंत की वही बिघडली.

जिथे तिन्ही याद्या नेमकी एकच चांदणी धरतात ते जोडण्यात खरा आनंद आहे. भरणीचं मंद त्रिकूट घ्या. कुणाचं लक्षही जाऊ नये असे तीन तारे, पण अरबांचं अल-बुतैन तेच आणि चिन्यांचा तिथला शिउही तोच. मृगशीर्षाचं इवलं त्रिकूट अरबांकडे अल-हक्आ. कृत्तिका म्हणजे सुरैया. हे नाव तर आपल्याकडे घराघरांत पोचलेलं आहे, फक्त ते नखेत्र आहे हे कुणाला ठाऊक नसतं. रोहिणी म्हणजे अद-दबरान, 'मागून येणारी'. कुणाच्या मागून? सुरैयाच्या. त्यांनी रोहिणीचं नातं कृत्तिकांशी जोडलं, आपण चंद्राशी.

७. जोडणीचे तीन प्रकार, आणि विंचवाची परीक्षा

शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक जोडणीपुढे एक अक्षर टाका. 'ता' म्हणजे तारा तोच. 'चि' म्हणजे चित्र तेच. 'दे' म्हणजे देवाणघेवाणीचा पुरावा आहे. एकावरून दुसरं गृहीत धरायचं नाही. हाच मुद्दा लोक सर्वांत जास्त चुकवतात, आणि मग "आपल्याकडून गेलं" किंवा "त्यांच्याकडून आलं" अशी भांडणं जेवणाच्या पंगतीत सुरू होतात.

परीक्षेसाठी अनुराधा, ज्येष्ठा, मूळ हे सलग तीन घ्या. अरबी: अल-इक्लील, अल-कल्ब, अश-शौला. मुकुट, काळीज, उचललेली नांगी. चिनी: फांग, शिन, वेइ. शिन म्हणजे काळीज, वेइ म्हणजे शेपूट. वा, जुळलं! असं वाटतं ना? तारे जुळले, म्हणून 'ता'. पण अरबांचं काळीज विंचवाचं, चिन्यांचं निळ्या ड्रॅगनचं. प्राणी वेगळा, म्हणून 'चि' देताना हात आखडता घ्यायचा. लांब वळणदार ओळीच्या मध्ये तांबडा ठिपका दिसला की कुणालाही काळीजच आठवणार. आणि आपल्याकडे? ज्येष्ठा म्हणजे थोरली, देवता इंद्र. मूळ म्हणजे मुळी. नक्षत्रनावांत विंचू कुठेच नाही. तो वृश्चिक राशीबरोबर आला. पॅसिफिकच्या पॉलिनेशियन दर्यावर्दींना त्याच नांगीत माऊई या त्यांच्या दंतकथेतल्या वीराचा मासेमारीचा गळ दिसतो. रापण (मोठं जाळं) ओढणाऱ्या एखाद्या रापणकाराला विचारा, त्यालाही गळच जास्त पटेल.

'दे' हे अक्षर कुठे बिनधास्त टाकता येतं? राशींपुढे. बारा राशींची कल्पना बाबिलोनहून ग्रीकांकडे आणि तिथून आपल्याकडे आली. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहज्जातकात राशींची क्रिय, तावुरि, जितुम, लेय अशी नावं नोंदवली आहेत. ही सरळ ग्रीक शब्दांची संस्कृत रूपं: तावुरि म्हणजे त्यांचा 'टाउरोस', वृषभ.

चंद्राच्या २७-२८ घरांचं मूळ कुठलं, यावर मात्र बियो, वेबर, व्हिटनी हे पाश्चात्त्य विद्वान १९व्या शतकातच हमरीतुमरीवर आले होते. तिथे 'ता' लिहा आणि थांबा.

मधला एक प्रकार सप्तर्षींचा. शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ग्रीकांकडेही तिथे अस्वलच. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाचे. हा दुवा भाषेचा, म्हणून मी त्यासाठी 'भा' हे चौथं अक्षर वापरतो. मृग-व्याधाचं नेमकं उलट. ग्रीकांचा ओरायन स्वतः शिकारी, मागचा तारा त्याचा कुत्रा. आपल्याकडे तीच आकृती शिकार झाली आणि मागचा तारा शिकारी. तारे तेच, चित्र नेमकं उफराटं. 'ता' आहे, 'चि' नाही, पण दोन्हीकडे शिकारीचीच गोष्ट आहे हे शेऱ्यात लिहून ठेवण्यासारखं.

> तपासणी: पूर्ण वहीत 'दे' पाचसहा ठिकाणांहून जास्त आलं असेल तर पुन्हा वाचा. बहुधा 'ता' ला 'दे' समजलात.

८. घरातली नावं गोळा करा

हा टप्पा शेवटी, कारण आधीच्या सवयी अंगवळणी पडल्याशिवाय माणूस इथे गोंधळ घालतो. मी घातला होता. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या रापणकाराला विचारलं, "तुम्ही सप्तर्षींना काय म्हणता?" तो म्हणाला, "सप्तर्षी." मी खूश होऊन लिहून घेतलं. नंतर कळलं की त्याने फक्त माझाच शब्द मला परत दिला होता.

तेव्हापासून पद्धत अशी: नाव उच्चारायचं नाही. अंधारात शेजारी उभं राहायचं, बोट दाखवायचं, आणि गप्प बसायचं. त्याने विचारलं "खंयचें नखेत्र?" की पुन्हा बोटच. मग तो जे बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्या बोलीत, तारीख-वेळेसह. तारा नंतर ओळखायचा, त्याच्यासमोर नाही.

ताळ्यासाठी ठाऊक असावीत अशी काही नावं: मृगातला बाण म्हणजे गावाकडचं 'तिकांडं'. सप्तर्षींतला चौकोन म्हणजे म्हातारीचं बाजलं आणि शेपटीतले तीन तारे ते पळवणारे चोर, ही गोष्ट मध्य भारतातले गोंडही सांगतात. गोव्यात जुन्या पिढीकडून पोर्तुगीज नावं निघाली तर चकित होऊ नका. तिकांड्याला पोर्तुगीजमध्ये 'त्रेश मारियाश', तीन मारिया, म्हणतात, कृत्तिकांना 'सेते-इश्त्रेलु', त्रिशंकूला 'क्रुझेइरु दु सुल'. हे नाव मिळालं तर शेजारी 'दे' टाकता येईल, पण ते बोलणाऱ्याने शाळेत ऐकलं, चर्चमध्ये की होडीवर, एवढं विचारूनच.

आणि पेन्सिल वापरा. नोव्हेंबरच्या दंवात शाईची सगळी पानं पहाटेपर्यंत निळी होतात.